दाजी, तुमचा प्रश्न आलाय

दाजी, तुमचा प्रश्न आलाय.

सकाळी साडेअकराला आला. वर लाल पट्टी, 'संसदीय प्रश्न, अत्यंत तातडीचे', आणि खाली नेहमीचाच हुकूम, आज दुपारी चारपर्यंत माहिती सादर करावी. शिपाई कागद ठेवून गेला. मी पहिली ओळ वाचली, 'बीड जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील सीताफळ प्रक्रिया सामूहिक सुविधा केंद्र सुरू आहे काय', आणि चष्मा काढून ठेवला. पुढचं वाचलंच नाही. प्रश्नावर नाव खासदारांचं असलं तरी भाषा कुणाची, हे माझ्याइतकं या जिल्ह्यात कुणाला कळतंय?

तुम्हाला समाधीत बसवून आज पाचवा दिवस. डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळभर भस्म, आणि मान जराशी डावीकडं, दुकानात टीव्ही बघताना असायची तशी. स्वामींनी दोनदा सरळ केली, दोन्हीदा पुन्हा कलली. माणूस मातीत बसलाय तरी ऐकत नाही म्हणून मला तिथंसुद्धा तुमचा राग आला, आणि मग रडू आलं. आपल्या लिंगायतांत सुतक नाही, म्हणून तिसरा दिवस करून मी ऑफिसला आले. अधिवेशन चालू असलं की आमच्याकडं कुणाला रजा नसते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं.

म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा प्रश्न वाटेतच होता. सिरसाळ्याच्या तुमच्या दुकानातून खासदारांकडं, तिथून दिल्लीला, दिल्लीत सोडतीत निघाला, उद्योग खात्याकडं गेला, तिथून मुंबई, आणि मुंबईहून जिथं माहिती असते तिथं. उद्योगमंत्री सभागृहात जे सांगतात ते आधी कुठल्यातरी जिल्ह्याच्या ऑफिसात एका लिपिकानं टाइप केलेलं असतं. आपल्या जिल्ह्यात ती लिपिक मी. तुम्ही दुकानात येईल त्याला सांगायचात, मंत्र्याचं उत्तर आमची मेहुणी लिहिती म्हणून. आता साडेबारा झालेत. उत्तर टाइप करायचं सोडून मी हे तुम्हाला लिहायलेय.

हे खूळ तुमच्या डोक्यात मीच घातलं, त्याचं खापर दुसऱ्या कुणावर फोडता येत नाही. आमचे हे गेले तेव्हा मी सहा महिने भिंतीकडं तोंड करून बसले होते. माहेरचे येऊन समजूत घालायचे, मी आणखी रडायचे. तुम्ही एक दिवस मोटारसायकल दारात लावली आणि म्हणालात, "रडणं झालं आसंल तर चल, परळीला टायपिंग शिकायचंय." मी म्हणाले मला जमणार नाही. तुम्ही म्हणालात, मग मागं बसून परळी तरी बघून ये. वर्षभर नेलंत मला. त्या गाडीला कायम पेंडीचा वास यायचा, माझ्या साड्यांनाही लागायचा, आणि क्लासातल्या पोरी नाक मुरडायच्या. तुम्ही बाहेर पेपर वाचत उभे असायचात. आतला खडखडाट थांबला की खिडकीतून डोकावून डोळे वटारायचात. ही नोकरी टायपिंगमुळं लागली आणि टायपिंग तुमच्यामुळं झालं. हे तुमच्या तोंडावर मी एकदाही बोलले नाही. मेहुणीनं दाजीची चेष्टा करायची असते, एवढंच मी धरून बसले.

नोकरी लागल्यावर ऑफिसातली रद्दी मी तुमच्या दुकानात द्यायला लागले, पुड्या बांधायला. त्यात जुन्या प्रश्नोत्तरांचे छापील कागद असायचे. आमची अक्का पुडी बांधायच्या आधी तुम्ही तिच्या हातातून कागद काढून घ्यायचात, आणि गिऱ्हाईक आपलं उभंच. मला विचारलंत, हे (अ), (ब), (क) काय भानगड असती, आणि 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणजे नेमकं कुणाचं नाक कापलं? मग मीच शिकवलं. मत विचारायचं नाही, माहिती विचारायची. एका प्रश्नात एकच विषय. शब्द आवरते. आणि बांधणी अशी की (अ)ला 'होय' म्हणाले तर (ब)मध्ये सापडतील, 'नाही' म्हणाले तर (क)मध्ये. आमच्या बाजूचाही एक नियम सांगितला. जेवढं विचारलं तेवढंच लिहायचं, एक अक्षर जास्त नाही. तुम्ही लई हसलात. म्हणालात, मग आम्हाला सगळंच विचारावं लागंल.

आणि विचारायला लागलात. सरकीच्या पोत्यावर बसून, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. खासदार कुठल्याही पक्षाचा असो, तुमचा कागद त्यांच्या माणसाकडं जायचा. पुष्कळ कागद केरात गेले असतील, काही लागले. अधिवेशनात अकरा वाजले की दुकानात प्रश्नोत्तराचा तास. गिऱ्हाईक पेंड मागतंय आणि तुम्ही टीव्हीतल्या खासदाराला म्हणायलात, आता पूरक प्रश्न विचार की, बसतोस काय खाली. अक्का कपाळाला हात लावायची. तुमचा प्रश्न कुठला हे मला शेवटच्या ओळीवरून ओळखू यायचं. प्रत्येक प्रश्नाला (ड) असायचाच. 'असल्यास, चुकीची माहिती देणाऱ्या संबंधितांवर कोणती कारवाई करण्यात आली?' मी म्हणायचे, दाजी, दरवेळी कुणाच्यातरी मानगुटीवर बसायलाच पाहिजे का? तुम्ही म्हणायचात, (ड) नसला तर अ, ब, क वाचतंय कोण.

म्हणूनच मघाशी पहिल्या ओळीवर थांबले. या वेळचा (ड) कुणासाठी असणार, हे मला न वाचता ठाऊक आहे.

सीताफळाच्या केंद्रापर्यंत ही सगळी हौस होती. केंद्रात तुमचा शब्द अडकला. डोंगरपट्ट्यातल्या बायका उजाडायच्या आत रानात जातात, सीताफळं तोडतात आणि पाट्या घेऊन रस्त्याच्या कडंला बसतात. फळ आज डोळे उघडतं आणि परवा पिचतं. दिवस मावळताना उरलेली पाटी मिळंल त्या भावात द्यायची, नाहीतर जनावरापुढं टाकायची. सरकारी योजना आली, की सगळ्यांनी मिळून एक केंद्र करायचं, गर काढायचा आणि गोठवून ठेवायचा. कौसाबाई ही त्या बायकांची पुढारीण. तिचा सरकारवर काडीचा विश्वास नव्हता. तुम्ही पाच वेळा तिच्या दारात गेलात. पाचव्या वेळी ती म्हणाली, आमी योजनेवर न्हाई, तुमच्यावर येतोव. तुम्ही ते मला लई कौतुकानं सांगितलं होतं.

इमारत झाली. गर काढायचं यंत्र आलं, थंड खोली झाली. वीज आली नाही. थंड खोलीला वेगळं रोहित्र लागतं आणि ते योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात मिळणार होतं. तोवर म्हणून तुम्ही केंद्राला कुलूप लावलंत आणि किल्ली दुकानातल्या खिळ्याला अडकवलीत, टीव्हीच्या बाजूला.

आता माझं ऐका. हे मी तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही. तुम्ही विचारत राहिलात, कावून लिहिलं, का लिहिलं, आणि मी नुसती अंगावर येत राहिले. आमच्या तिमाही तक्त्यात दोनच रकाने असतात, 'प्रस्तावित' आणि 'कार्यरत'. बांधून झालंय, यंत्र बसलंय, पण कुलूप आहे, याला रकाना नाही. प्रस्तावितमध्ये दाखवलं तर वरून फोन येतो, इमारत उभी आहे मग प्रस्तावित कसं? म्हणून मी कार्यरतमध्ये खूण केली. आमच्यात सगळे तसंच करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. शेऱ्यात 'वीज जोडणी बाकी' लिहीन म्हणाले होते, शेऱ्याची जागा बोटभर, त्या दिवशी कामाचा ढीग, राहून गेलं. पुढच्या तिमाहीला मागचा तक्ता समोर ठेवून उतरवला. त्याच्या पुढच्यालाही. चालू असलेल्या केंद्राला दुसरा टप्पा कशाला, म्हणून वर कुणीतरी फाईल बांधून ठेवली. एवढंच झालं, दाजी. कुणी खाल्लं नाही, कुणी डाव टाकला नाही. माझ्या एका खुणेनं झालं.

बरं, मला माहीत नव्हतं असंही नाही. श्रावणात अक्काबरोबर मी स्वतः तिथं गेले होते. गंजलेलं कुलूप बघितलं होतं. दारासमोर गवत कमरेइतकं वाढलं होतं आणि अक्का म्हणाली होती, इथं साप आसंल, पुढं जाऊ नको.

मग गेल्या हिवाळी अधिवेशनात केंद्राबद्दलचा तुमचा पहिला प्रश्न लागला. तारांकित. मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर द्यायला लावणारा. मी कागद घेऊन तेव्हाच्या साहेबांकडं गेले. केंद्र बंद आहे म्हणाले. साहेबांनी शांतपणे विचारलं, मागच्या तक्त्यांत काय आहे? कार्यरत, म्हणाले. तक्त्यावर सही कुणाची? माझी. साहेब खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "मग आज बंद लिहिलं की मागचं सगळं खोटं. तुम्हीच ठरवा, बाई." आणि घड्याळाकडं बोट दाखवलं. चारला दहा कमी होती. मी कीबोर्ड पुढं ओढला. (अ) होय. (ब) केंद्र सद्यःस्थितीत सुरळीत कार्यरत आहे. (क) व (ड) प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न सभागृहात आला त्या दिवशीचं दुकानातलं मला अक्कानं नंतर सांगितलं. तुम्ही कौसाबाईला निरोप धाडला होता, की आपला प्रश्न मंत्री घेणार आहेत, बघायला या. ती आठदहा बायकांना घेऊन जीपनं आली. अक्कानं मोठ्या पातेल्यात चहा टाकला. मंत्री उठले, उत्तर पटलावर ठेवलंय म्हणाले. खासदारांनी पूरक विचारला, केंद्र खरोखर चालू आहे का. तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारलीत म्हणे. मंत्र्यांनी कागद उलटला आणि हिंदीतून सांगितलं, केंद्र सुचारू रूपानं चालू आहे, माननीय सदस्यांनी निश्चिंत राहावं. लगेच पुढचा प्रश्न, दुसरं राज्य, दुसरं खातं. बायका टीव्हीकडं बघत होत्या. कौसाबाईनं खिळ्याच्या किल्लीकडं बघितलं आणि मग तुमच्याकडं. बायकांना उठवून निघून गेली. चहा तसाच राहिला.

दहा मिनिटांनी तुमचा फोन आला. "कांता, त्या 'सुचारू'मागचा 'सुरळीत' हा शब्द तुझा हाय." मी म्हणाले, मग? तुम्ही म्हणालात, "मग काय न्हाई." आणि फोन ठेवलात.

त्यानंतर तुम्ही बीडला आमच्या घरी एकदाच आलात. पायातली चप्पल काढताना म्हणालात, तुमी घरीच हाव का. मला आधी कळलंच नाही कुणाला म्हणताय. वीस वर्षं तू, कांते, येडे, आणि एकदम तुमी. तुमच्या हातात कागद होता. मंत्र्यांना आपलं चुकलेलं उत्तर सभागृहात दुरुस्त करता येतं, तसा नियम आहे, फक्त खालून एक पत्र जावं लागतं, 'आधी पाठवलेली माहिती चुकीची होती'. एवढी एक ओळ लिहा, म्हणालात. मी म्हणाले, ती ओळ लिहिली की माझी चौकशी लागती, पेन्शन अडकती, मग मी तुमच्या दारात येऊन बसू का? तोंडाला येईल ते बोलले मी. टीव्हीवर मिरवायची हौस तुमची, आणि भाकरी माझी जायची, असंही बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. आयुष्यात पहिल्यांदा आणि एकदाच त्या गाडीची आठवण काढलीत. "तुमची भाकरी माझ्याच गाडीवर बसून आलीय. तिला मी हात लावीन का? पण कौसाबाईच्या दारात मी कोणत्या तोंडानं जाऊ, तेवढं सांगा." तुम्ही चहा न घेता उठलात.

आठ महिने असेच गेले. मी सिरसाळ्याला येत होते, अक्कासाठी. तुम्ही नावं ठेवायला जागा ठेवली नाहीत. खुर्ची द्यायचात, पंखा माझ्याकडं वळवायचात. पण पूर्वी मी पायरीवर दिसले की आतून आवाज यायचा, बस कांता, चहा पिऊन जा. आता, या, बसा, चहा घेता का. सरकारी पाहुणा आल्यासारखं. तो मान मला इतका टोचायचा दाजी, की त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

आणि शेवटची भेट. महिना झाला असेल. तुम्ही कॅलेंडरच्या मागं काहीतरी लिहीत होतात, मला बघून पालथं घातलंत. मग विचारलंत, "तुमचं रिटायरमेंट कंच्या महिन्यात?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणाले, कावून? त्याच्या आत मला घरी बसवायचंय का? डिसेंबरअखेर आहे, मोजा दिवस. तुम्ही नुसतं, योजनेची मुदतबी तवाच संपती, एवढं म्हणालात आणि पेंडीचं पोतं सरकवायला उठलात. मी तशीच बस धरली. निघते म्हणायलासुद्धा वळले नाही. तुमची पाठ होती माझ्याकडं, पोत्यावर वाकलेली. आता डोळे मिटले की तीच दिसते.

दोन वाजलेत. समोरच्या टेबलावरचे डबे झाकायलेत. आता वाचते पुढचं.

*

दाजी, (ड) नाहीय.

मी कागद उलटून बघितला. वाटलं दुसरं पान राहिलं असेल. शिपायाला विचारलं, तो म्हणाला एकच आलंय. मेल उघडून बघितला, त्यातही (अ), (ब), (क). (अ) केंद्र सुरू आहे काय. (ब) नसल्यास, त्याची कारणे काय. (क) ते सुरू करण्यासाठी योजनेचा दुसरा टप्पा केव्हा देण्यात येईल. आणि संपलं. अतारांकित आहे, म्हणजे उत्तर लेखीच जाणार, टीव्ही नाही, पूरक नाही. इतक्या वर्षांत तुमचा एक प्रश्न (ड)शिवाय मी बघितला नव्हता.

मी गच्चीत जाऊन अक्काला फोन लावला. तिला अजून बोलताना धाप लागते. विचारलं, दाजींनी शेवटचा प्रश्न लिहिला तेव्हा तू होतीस का? म्हणाली, होते की, मला वाचून दाखवला. (ड) होता का? ती म्हणाली, "लिहिलता आन् खोडला. म्हणले, कांताचे पाच महिने राहिलेत, तिला धक्का नको. केंद्र चालू झालं म्हंजे बास." मी विचारलं, कांताचे म्हणाले? "मग काय म्हणतील गं? घरात कांताच म्हणायचे की."

गच्चीत ऊन लई होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले. खालून कुणीतरी हाक मारली, मॅडम, साहेब बोलवायलेत.

*

आता पाच वाजून गेलेत. पुढचं सांगते.

नवे साहेब तरुण आहेत. माणूस वाईट नाही, घाई फार. मागच्या वेळी हाच प्रश्न आला होता ना, म्हणाले, तेच उत्तर काढा, तारीख बदला. मी म्हणाले, ते उत्तर चूक आहे. त्यांनी संगणकावर तक्ते उघडले. पाच तिमाह्या, पाच वेळा 'कार्यरत'. बोटानं मोजून दाखवले. मी पर्स उघडली आणि किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. तिसऱ्या दिवशी अक्कानं दिली होती, खिळ्यावर बघवत नाही म्हणाली, तुझ्याजवळ ठेव. "साहेब, हे केंद्र सुरळीत चालू आहे तर त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये कशी?"

त्यांनी किल्ली उचलली नाही. विचारलं, तुमची सेवानिवृत्ती कधी? दाजी, तुम्ही विचारला होता तोच प्रश्न, पण या वेळी मला राग आला नाही. डिसेंबर, म्हणाले. ते म्हणाले, मग कशाला बाई, हे आता उकरायचं? खरं लिहिलं की मागचं बाहेर येणार. मी म्हणाले, येणारच. टिपणी माझ्या नावानं टाकते, मसुदा माझ्या हातचा, तुम्ही फक्त सादर म्हणून सही करा. चारला चाळीस कमी होती. ते म्हणाले, विचार करतो. चारला वीस कमी झाली तरी विचारच करत होते. मी खुर्चीत बसले नाही, तिथंच उभी राहिले, परळीच्या क्लासच्या बाहेर तुम्ही उभे राहायचात तशी.

शेवटी म्हणाले, बरं, (अ) नाही लिहा, (ब)मध्ये वीज जोडणी लिहा, (क)मध्ये दुसऱ्या टप्प्याची शिफारस. मी टाइप केलं. तीन ओळी झाल्या. केंद्राचं काम तिथंच झालं होतं, तुमचं म्हणणं तेवढंच होतं. पण मी थांबले नाही. साहेब पाठीमागून वाचत होते. म्हणाले, (ड) तर विचारलेलाच नाही, जेवढं विचारलं तेवढंच लिहा. हा नियम मीच तुम्हाला शिकवला होता, आठवतं ना? मी लिहिलं. '(ड) विचारलेला नाही. तथापि, केंद्र कार्यरत असल्याची यापूर्वीची माहिती माझ्या स्वाक्षरीने गेलेली असून ती चुकीची होती. त्याबाबतच्या कारवाईस मी पात्र आहे.' खाली पूर्ण नाव, पद, तारीख.

साहेबांनी सही केली तेव्हा चारला पाच कमी होती. पेन टेबलावर टाकला आणि म्हणाले, तुम्ही माझ्या डोक्याला ताप केलात. खरंच आहे ते.

साडेचारला मुंबईहून फोन. तिकडं माझ्यासारखीच एक बाई बसलेली असते, नाव माहीत नाही, आवाज ओळखीचा. मॅडम, (ड) प्रश्नातच नाही, टायपिंगची चूक आहे का, काढून टाकू का? एक क्षण असा होता दाजी, की नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पेन्शन, दिवाळी, निरोपसमारंभाचा नारळ, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. मी म्हणाले, चूक नाही, तसंच जाऊ द्या. माझं टायपिंग पक्कं आहे, परळीला शिकलेय. तिला काही कळलं नाही. बरं म्हणाली आणि ठेवला फोन.

आता काय होईल ते मला माहीत नाही. नोटीस येईल. दुसरा टप्पा येईल की नाही तेही सांगता येत नाही, मुदत डोक्यावर आहे. या हंगामात केंद्र सुरू होईल अशी आशा तुम्हालाही नव्हती, मी कशी धरू? भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. तुमच्या उत्तरकार्याला, शिवगणाराधनेला, कौसाबाई येणार म्हणून अक्का सांगत होती. तिच्यासमोर बसून मी तिला सगळं सांगणार आहे, त्या दोन रकान्यांपासून. ती उठून गेली तर जाऊ दे. किल्ली तिच्या हातात देणार आहे.

तुमच्यावर मात्र माझा एक राग राहिलाच. आठ महिने अक्काजवळ कांता, आणि माझ्या तोंडावर तुमी, तुमी. आणि (ड) खोडून ठेवलात ते सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत? मी बसमध्ये बसून गेले तरी मागून एक हाक मारता येत नव्हती? पाच दिवस थांबला असतात, फक्त पाच, तर आज हा कागद घेऊन मी शेवटच्या गाडीनं सिरसाळ्याला आले असते. दुकानाच्या पायरीवर उभी राहून तुम्हाला वाचून दाखवला असता, (अ)पासून (ड)पर्यंत. तुम्ही मान डावीकडं कलवून ऐकलं असतंत, मधेच एखादा शब्द खटकला म्हणून हटकलं असतंत. मग पेंडीचं पोतं सरकवून जागा केली असती आणि म्हणाला असतात, बस कांता, चहा पिऊन जा.